चार दिवसांच्या युरोपच्या कामाला एवढी कागदं का लागतात, त्याची पार्श्वभूमी

कुपवाड-मिरज एमआयडीसीतले कास्टिंगवाले, तासगाव-कवठेमहांकाळचे द्राक्ष एक्स्पोर्टर, सांगलीतले हळदीवाले, यातल्या कुणालाही फेब्रुवारीत बर्लिनच्या फ्रूट लॉजिस्टिकाला नाहीतर एप्रिलमध्ये हॅनोव्हरच्या प्रदर्शनाला जायचं म्हटलं की डोक्यात पहिला विषय व्हिसाचा येतो. चार-पाच दिवसांचं काम असतं, आणि त्यासाठी तिकडच्या पार्टीचं इन्व्हिटेशन लेटर, बँक स्टेटमेंट, आयटी रिटर्न, इन्शुरन्स, हॉटेल बुकिंग, लेटरहेडवर कव्हरिंग लेटर, वर परत पुण्याला जाऊन बोटांचे ठसे. हे सगळं कुणी एका दिवसात बसून ठरवलेलं नाही, एकेक कागद एकेका वर्षी एकेका कारणानं वाढत गेलाय, आणि ते कारण माहीत असलं की फाइलमध्ये काय दाखवायचं तेही आपोआप कळतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट, जी आत्ताच्या पोरांना खरी वाटत नाही. १९८० पर्यंत पश्चिम जर्मनीला थोड्या दिवसांसाठी जायला भारतीय माणसाला व्हिसा लागत नव्हता. ब्रिटनला तर १९८६ पर्यंत लागत नव्हता. अडचण तेव्हा आपल्याच बाजूला होती, पासपोर्ट द्यायचा का नाही हे सरकारच्या मर्जीवर असायचं, १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सतवंतसिंग साहनी केसमध्ये सांगितलं की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, मग त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला. त्याच्यावर परत परकीय चलनाची टंचाई, रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचा पी फॉर्म, डॉलर मोजून मिळणार. म्हणजे तेव्हा इथनं निघणं अवघड होतं आणि तिथं शिरणं सोपं, आता बरोब्बर उलटं झालंय.

मग १९८० ला काय झालं, तर पश्चिम जर्मनीत आश्रय मागणाऱ्यांचे अर्ज त्या एका वर्षात १ लाखाच्या वर गेले, आणि सरकारनं बऱ्याच देशांना व्हिसा लावला, त्यात भारत पण आला. १९८६ मध्ये पॅरिसमध्ये बॉम्बस्फोट झाले तेव्हा फ्रान्सनं जवळजवळ सगळ्या बाहेरच्या देशांना व्हिसा लावला. ह्यातलं काहीच धंद्यासाठी जाणाऱ्या माणसाला बघून केलेलं नव्हतं, पण नियम सगळ्यांना एकच. आजसुद्धा व्हिसा ऑफिसरला मुख्य खात्री एकाच गोष्टीची पाहिजे असते, की हा माणूस काम झाल्यावर परत जाणार का. आपल्याकडं लोक फॅक्टरीचे रंगीत ब्रोशर जोडतात आणि परत यायचं कारण दाखवायचंच राहून जातं.

आता शेंगेन. १९८४ च्या फेब्रुवारीत बॉर्डरवरच्या तपासणीला कंटाळून ट्रक ड्रायव्हरांनी फ्रान्समधले रस्ते अडवले, जुलैत फ्रान्स आणि जर्मनीनं आपसात करार केला, आणि १४ जून १९८५ ला लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाजवळ मोझेल नदीत एका बोटीवर पाच देशांनी आपसातल्या बॉर्डरवरची तपासणी काढून टाकायच्या करारावर सह्या केल्या, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग. सविस्तर करार १९९० चा, आणि प्रत्यक्षात चालू झालं २६ मार्च १९९५ ला. त्याच्या आधी पॅरिस, हॅम्बुर्ग आणि रॉटरडॅम अशा तीन ठिकाणी पार्टीला भेटायचं तर तीन वेगळे व्हिसे काढावे लागायचे, आता एकच पुरतो. ही सोय खूप मोठी आहे, आपण ती विसरतो. पण वाड्यातल्या आतल्या भिंती काढल्या की दिंडी दरवाजावरचा पहारा वाढणारच, तसं झालं. एकदा आत आलेला माणूस कुठंही जाऊ शकतो म्हटल्यावर प्रत्येक देश दुसऱ्याच्या वतीनं पण तपासायला लागला. पुढं देश वाढत गेले, स्वित्झर्लंड २००८, क्रोएशिया २०२३, रोमानिया-बल्गेरिया २०२५ पासून पूर्ण, आज एकूण २९. ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत, लंडनच्या पार्टीला वेगळा व्हिसा लागतो.

कोणत्या देशाच्या लोकांना व्हिसा लागेल त्याची युरोपियन युनियनची एकत्र यादी २००१ मध्ये झाली, भारत त्यात होता आणि अजून आहे. इन्शुरन्स २००४ पासून, कमीत कमी ३०,००० युरोचा, कारण आजारी पडलेल्या पाहुण्याचं हॉस्पिटलचं बिल तिथल्या सरकारवर पडायला नको. मग सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, ५ एप्रिल २०१० पासून लागू झालेला व्हिसा कोड, म्हणजे शेंगेन व्हिसाचे सगळे नियम एका जागी. ज्या देशात मुख्य काम आहे तिथंच अर्ज करायचा हे त्यात स्पष्ट लिहिलंय. आणि २०११ पासून नकार दिला तर कारण लेखी द्यावं लागतं, अपिलाचा हक्क पण आहे, तोपर्यंत कित्येकांना नकाराचं कारण कळायचंच नाही.

ह्याच कोडमध्ये बिझनेससाठी काय लागतं ते लिहिलेलं आहे, आणि इथं लोकांचा गोंधळ होतो. बिझनेस व्हिसा म्हणून वेगळा प्रकार नाहीये. टुरिस्टला मिळतो तोच सी टाइप, म्हणजे थोड्या दिवसांचा, फक्त उद्देश वेगळा. कंपनीचं निमंत्रण, प्रदर्शन असेल तर त्याचं तिकीट, आणि व्यापारी संबंधाचा पुरावा. हे तिसरं मला सगळ्यात मोलाचं वाटतं, मागच्या कंटेनरचं इनव्हॉइस, बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याचा कागद), पार्टीबरोबरचे मेल जोडले तर नुसत्या कव्हरिंग लेटरपेक्षा त्याचं वजन जास्त असतं. ज्यांनी ग्रेपनेटवर, म्हणजे एक्स्पोर्टच्या द्राक्षांच्या ऑनलाइन नोंदणीत, प्लॉटचं रजिस्ट्रेशन आणि रेसिड्यूचे (औषधाच्या उरलेल्या अंशाचे) रिपोर्ट केलेत त्यांना ही शिस्त काय नवीन नाही.

फी ३५ युरो होती, २००७ मध्ये ६०, २०२० मध्ये ८० आणि जून २०२४ पासून ९०. अर्ज सहा महिने आधी करता येतो, हे पण २०२० पासून, आधी तीनच महिने होते.

पुण्याची फेरी का पडते, तर २ नोव्हेंबर २०१५ पासून भारतात बोटांचे ठसे आणि फोटो सक्तीचे झाले, तोपर्यंत एजंटकडं पासपोर्ट दिला की बहुतेक वेळा काम व्हायचं. ठसे ५९ महिने चालतात, त्यामुळं दरवेळी द्यावे लागतीलच असं नाही.

चांगली बातमी १८ एप्रिल २०२४ ची, आणि आपल्याकडच्या लहान कारखानदारांपर्यंत ती नीट पोचली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. भारतात राहणाऱ्यानं मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन ते नियमात वापरले असतील तर पुढचा साधारणपणे दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री, म्हणजे कितीही वेळा जाता येईल असा, आणि त्याच्यानंतर पाच वर्षांचा, पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक असली तर. म्हणजे पहिले छोटे दोन व्हिसे जपून वापरायचे, आणि जुना पासपोर्ट टाकून द्यायचा नाही.

पण व्हिसा पाच वर्षांचा असला तरी राहायचं कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच. हा हिशोब २०१३ च्या ऑक्टोबरपासून असा आहे, तिथं असतानाच्या प्रत्येक दिवशी मागं वळून १८० दिवस मोजायचे. शिक्के पुसट असले की आधी हे कुणाच्या लक्षात यायचं नाही, पण १२ ऑक्टोबर २०२५ पासून बॉर्डरवर टप्प्याटप्प्यानं कॉम्प्युटरची एंट्री-एक्झिट सिस्टीम चालू झालीये, तिच्यात आल्या-गेल्याची तारीख चेहऱ्याच्या फोटोसकट नोंदली जाते. सीझनमध्ये तीन-चार वेळा जाणाऱ्यांनी तिकीट काढायच्या आधी युरोपियन कमिशनच्या साइटवरच्या कॅल्क्युलेटरवर तारखा टाकून बघाव्यात, पोचल्याचा आणि निघाल्याचा असे दोन्ही दिवस त्यात धरतात.