वीतभर हात, वीस किलो वजन

२०२४ च्या डिसेंबरातली गोष्ट. पलूस तालुक्यातल्या एका तालमीत संध्याकाळची मेहनत आटोपली होती. अंगावरची माती न झाडताच पोरं कट्ट्यावर बसलेली, आणि एकाच्या मोबाईलवर हेवीवेट मुष्टियुद्धातली, म्हणजे सर्वांत जड गटातली, उसिक-फ्युरीची दुसरी लढत चाललेली. टायसन फ्युरी २०६ सेंटिमीटर उंच, वजन १२७ किलो. समोर ओलेक्सांद्र उसिक, १९१ सेंटिमीटर, १०२ किलो. वस्तादांनी चष्मा कपाळावर सरकवून दोन राउंड बघितले आणि म्हणाले, "मोठ्याकडं काय बघताय? त्या बारक्याचे पाय बघा की. एका जागी उभा राहतोय का?"

१०२ किलोचा गडी त्यांच्या लेखी बारका होता, आणि जिंकला तोच. मे महिन्यातही तोच जिंकला होता. तेव्हा एका पोरानं मला विचारलं, "सर, मग फ्युरीपुढं मार्सियानो असता तर?" हा पोरगा जुन्या लढती शोधून शोधून बघतो. १९५० च्या दशकातला हेवीवेट विजेता रॉकी मार्सियानो ४९ लढती खेळला आणि ४९ जिंकला, हे त्याला तोंडपाठ. मी लहानपणी त्याच मातीत चार वर्षं काढलेली, पुढं आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. तरी मला तिथल्या तिथं उत्तर देता आलं नाही.

मार्सियानोची उंची १७९ सेंटिमीटर, वजन ८४-८५ किलो. आज ९०.७ किलोपर्यंतचे मुष्टियोद्धे क्रूझरवेट गटात खेळतात, आणि हा गट आला १९८० च्या सुमारास. म्हणजे मार्सियानोला आज हेवीवेटच्या काट्यावर कुणी उभंही केलं नसतं. त्याच्या आधीचा विजेता जो लुईस नव्वद किलोच्या आसपासचा, तोही काठावरच. आपल्याकडं मैदानी कुस्तीत काटा नसतो, पंच आणि वस्ताद नजरेनं जोड लावतात. पण गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक आणलं ते ५७ किलो गटात. वजनगट नसते तर त्या चपळाईला जागतिक मैदान मिळालंच नसतं. वजनाला अर्थ आहे, हे आधी मान्य करू.

मात्र किती अर्थ आहे, तेही मोजता येतं. स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते. वजन ठरतं आकारमानावर. शरीर सगळीकडून सारखंच वाढवलं, तर क्षेत्रफळ वर्गानं वाढतं आणि वजन घनानं. ८४ किलोचा माणूस त्याच ठेवणीचा १२० किलोचा केला तर वजन ४३ टक्के वाढेल, ताकद मात्र सुमारे २७ टक्केच. प्रत्यक्षात एवढीही वाढत नाही, कारण वाढलेल्या वजनात चरबी आणि हाडंही असतात. भारोत्तोलक नाइम सुलेमानओग्लूनं १९८८ मध्ये ६० किलो गटात १९० किलो डोक्यावर धरले, स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त. लाशा तलाखाद्झेनं २०२१ मध्ये २६७ किलो उचलले, पण त्याचं स्वतःचं वजन पावणेदोनशेच्या आसपास. शरीर जवळजवळ तिप्पट, उचललं दीडपटीहून कमी.

म्हणून मला किलोपेक्षा हाताची लांबी जास्त महत्त्वाची वाटते. फ्युरीचे दोन्ही हात पसरले तर २१६ सेंटिमीटर भरतात, मार्सियानोचे १७३ च्या आसपास. फरक दोन हातांत वाटला तर एकेका हाताला जवळपास वीत येते. ही वीत ओलांडल्याशिवाय मार्सियानोचा ठोसा पोचत नाही, आणि ओलांडताना तो स्वतः पूर्ण माऱ्यात असतो. ठोसा बघून चुकवायला वेळही नसतो. डोळ्यानं बघून हालचाल सुरू व्हायला माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, ठोसा त्याच्या निम्म्या वेळात येतो. मुरलेला मुष्टियोद्धा मुठीकडं बघतच नाही, तो खांदा आणि पाय वाचतो. आमचे वस्ताद पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, शिकवताना हेच सांगायचे, "हातावर नजर ठेवशील तर फसशील."

दुसरी अडचण मिठीची. मुष्टियोद्धे एकमेकांना कवटाळतात तेव्हा बघणाऱ्याला वाटतं विश्रांती चाललीय. मी साठ किलोचा असताना नव्वद किलोच्या एकाबरोबर मला जोर करायला सोडलं होतं. त्यानं डाव टाकलाच नाही. नुसता हात माझ्या मानेत घातला आणि अंगावर रेलला. तिसऱ्या मिनिटाला माझ्या मांड्या थरथरायला लागल्या, आणि मग साध्या दस्तीनं मी आडवा झालो. फ्युरीनं डिओंटे वाइल्डरला २०२० मध्ये असंच अंगावर रेलून थकवलं. जास्तीचं वजन खरं कामाला येतं ते इथं.

आणि ठोसा? १९८५ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रँक ब्रुनो या हेवीवेट मुष्टियोद्ध्याचा ठोसा प्रयोगशाळेत मोजला होता. मूठ सेकंदाला ८.९ मीटर वेगानं आली आणि आघात ४,०९६ न्यूटन भरला, म्हणजे चारशे किलोच्या भाराइतका. पुढं ऑलिम्पिकच्या मुष्टियोद्ध्यांवर झालेल्या मोजणीत दिसलं की जड गटातला ठोसा जोरदार लागतो तो मुख्यतः मुठीमागं जास्त वस्तुमान उभं राहतं म्हणून. वेगाचा वाटा त्यात कमी. इथं मोठा गडी पुढं आहे.

पण ठोसा खाणारं डोकं शरीराच्या प्रमाणात वाढत नाही. ८५ किलोच्या माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं, आणि १२५ किलोच्या माणसाचंही जवळपास तेवढंच. हनुवटीवर बाजूनं ठोसा बसला की डोकं झटक्यात फिरतं, आत मेंदू हिसकला जातो, आणि शुद्ध हरपते. जाड मान हा हिसका थोडा कमी करते, पण पोटाचा घेर काही करत नाही. डेव्हिड हे या मुष्टियोद्ध्यानं २००९ मध्ये ९९ किलोवर १४३ किलोच्या निकोलाय वालुएवला हरवलं, शेवटच्या राउंडमध्ये तो राक्षसी देहाचा माणूस लडखडला होता.

जुन्यांच्या बाजूनं बोलणारे नेहमी डेम्प्सीचा दाखला देतात. १९१९ मध्ये ८५ किलोच्या जॅक डेम्प्सीनं १११ किलोच्या जेस विलार्डला पहिल्याच राउंडमध्ये सात वेळा खाली पाडलं. मला हा दाखला पटत नाही. विलार्ड ३७ वर्षांचा होता आणि तीन वर्षं गादी राखायला उतरलाच नव्हता. लुईसनं ज्याला लोळवलं तो प्रिमो कार्नेराही देहानं मोठा, कसबानं बेताचा. उंच आणि कसबी माणसं तेव्हा नव्हती असं नाही. क्यूबाचा तेओफिलो स्टीव्हन्सन तीन ऑलिम्पिक सुवर्णं जिंकला, पण व्यावसायिक रिंगणात आलाच नाही. सोव्हिएत संघाचे मुष्टियोद्धेही १९९० च्या तोंडापर्यंत त्या रिंगणाबाहेर होते. दार उघडलं आणि युक्रेनमधून क्लिचको बंधू आले, मग उसिक आला.

मुहम्मद अलीबद्दल मात्र मी ठाम आहे. उंची १९१ सेंटिमीटर, हातांचा पल्ला १९८, १९७४ मध्ये जॉर्ज फोरमनसमोर वजन ९८ किलो. उसिकची उंची तीच, पल्ला तोच, वजन तीन-चार किलो जास्त. उसिकनं फ्युरीला दोनदा हरवलंय, मग अलीचा देह लहान पडला असता असं कोण म्हणेल? साधारण शंभरीच्या आसपास पोचलं की पुढच्या किलोंना फारसा भाव उरत नाही, असं मला दिसतं. ८४ आणि १०० मधलं अंतर मोठं आहे, १०० आणि १२५ मधलं दिसतं तेवढं नाही.

राहिला मार्सियानो. परवा तालमीत जाऊन त्या पोराला हे सगळं सांगितलं. बारा राउंडांत तो फ्युरीपुढं गुणांवर हरला असता, असं बोललो. वस्ताद शेजारी मातीत हळद मिसळत बसले होते. त्यांनी विचारलं, "त्याच्या वेळीपण बाराच असायचे?"

नाही, पंधरा. १९८२ मध्ये किम दुक-कू हा कोरियन मुष्टियोद्धा चौदाव्या राउंडच्या माराने गेला, त्यानंतर बारा झाले. आणि मार्सियानोनं अजिंक्यपद जिंकलं ते १९५२ मध्ये, तिन्ही पंचांच्या गुणांत मागे असताना, तेराव्या राउंडमध्ये जर्सी जो वॉलकॉटला झोपवून. मोठ्या देहाची अडचण अशी की उष्णता तयार होते वजनाच्या हिशेबानं आणि बाहेर पडते कातडीच्या हिशेबानं, त्यामुळं लढत लांबली की तो आधी तापतो.

वस्तादांनी हात पुसले. "मग पंधरावर लावा जोड," ते म्हणाले, "मी बघायला येतो."