चाकातला घों घों: बेअरिंगचा की टायरचा?

जुन्या गाडीचा वेग चाळीसच्या पुढे गेला की खालून कुठून तरी बारीक घों घों सुरू होतो. साठला तो स्पष्ट ऐकू येतो, ऐंशीला शेजारच्याशी बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. वेग उतरला की तोही उतरतो. असा आवाज चाकातून येत असेल तर संशय दोघांवरच जातो. एक, चाकाचं बेअरिंग, म्हणजे चाक सहज फिरावं म्हणून मध्यात बसवलेलं गोळ्यांचं कडं, गेलंय. दोन, टायर वेडावाकडा झिजलाय. दोन्ही आवाज इतके सारखे असतात की मुरलेला मेकॅनिकही फसतो. पण यातल्या एकाकडे दुर्लक्ष करणं जिवावर बेतू शकतं, म्हणून फरक ओळखता आला पाहिजे.

माझ्या पंधरा वर्षं जुन्या गाडीला हा घों घों लागला तेव्हा मेकॅनिकने एक चक्कर मारली आणि सांगितलं, "मागचं बेअरिंग गेलंय." मागची दोन्ही बेअरिंग बदलली. गाडी घेऊन निघालो आणि साठला काटा पोहोचताच तोच आवाज, तसाच्या तसा. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या चाकाजवळ बसून टायरच्या आतल्या कडेवर तळहात फिरवला. एका दिशेने हात सरकन गेला, उलट फिरवला तर करवतीच्या दात्यांसारखा अडकला. बाहेरून नक्षी चांगली दिसत होती, त्यामुळे आतली कड कुणी पाहिलीच नव्हती. तेव्हापासून पाना हातात घेण्याआधी मी टायरवर हात फिरवतो.

आवाज सारखे का वाटतात, ते जरा आकड्यांत बघू. १६५/८० आर १४ मापाच्या टायरचा व्यास साधारण ६२ सेंमी, म्हणजे परीघ १९५ सेंमीच्या आसपास. ताशी ६० किमी वेगाने गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला सुमारे साडेआठ फेरे मारतं. टायर एकाच जागी चपटा झाला असेल तर सेकंदाला आठ-नऊ ठोके पडतात आणि धबधब ऐकू येते. ती ओळखायला सोपी. पण टायरच्या परिघावर ठरावीक अंतराने दहा खळगे पडले असतील, ज्याला मेकॅनिक लोक 'कप पडले' म्हणतात, तर ठोके होतात सेकंदाला ८५. इतके ठोके कानाला सुटे ऐकू येत नाहीत, त्यांचा सलग घों घों होतो. आता बेअरिंगचं बघा. त्यात आतलं आणि बाहेरचं अशी दोन कडी आणि मध्ये गोळ्या असतात. बाहेरचं कडं स्थिर आहे आणि त्याच्या धावेवर, म्हणजे गोळ्या फिरतात त्या वाटेवर, एक खळगा पडलाय असं धरू. चाकाच्या एका फेऱ्यात त्यावरून एकूण गोळ्यांच्या निम्म्याहून थोड्या कमी गोळ्या जातात. बारा गोळ्या असतील तर पाचेक, म्हणजे सेकंदाला चाळीसच्या वर ठोके. तेही त्याच खालच्या पट्टीतलं गुरगुरणं. वेग वाढला की दोन्हींची पट्टी चढते. म्हणून नुसत्या आवाजावरून निदान करू नये.

फरक आहे तो आवाज कशाने बदलतो यात. बेअरिंगचा आवाज चाकावरच्या भारासोबत बदलतो, टायरचा रस्त्याच्या पृष्ठभागासोबत. हे ध्यानात ठेवलं की पुढच्या सगळ्या तपासण्यांचा अर्थ आपोआप लागतो.

पण आधी आवाज चाकाचाच आहे ना, याची खात्री करा. मोकळ्या, सरळ रस्त्यावर आवाज ठळक होतो त्या वेगाला गाडी क्षणभर न्यूट्रलमध्ये टाका. इंजिन मात्र बंद करू नका. ब्रेक आणि स्टिअरिंगची मदत त्यावरच चालते, आणि चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. इंजिनचे फेरे खाली आले तरी घों घों तसाच राहिला तर तो चाकांच्या बाजूचा. अ‍ॅक्सिलरेटर दाबला-सोडला की सूर बदलत असेल तर गिअरबॉक्स किंवा डिफरन्शियल तपासायला हवं. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू जाताना कट-कट वाजलं तर एक्सलचा जॉइंट. ब्रेक दाबला की चिरकणारा आवाज पॅडचा. आणि नक्षीत अडकलेला खडा टिक-टिक करतो, तो आधी काढून टाका.

आता रस्त्याची परीक्षा. खडबडीत डांबरावरून गुळगुळीत नव्या डांबरावर गाडी गेली आणि आवाज एकदम पडला किंवा त्याचा पोत बदलला, तर बोट टायरकडे जातं. सिमेंटच्या रस्त्यावर टायर वेगळाच गातो. बेअरिंगला खाली काय आहे याचं फारसं सोयरसुतक नसतं, ते सगळ्या रस्त्यांवर एकाच सुरात गुरगुरतं. फक्त एक भान ठेवा. खडबडीत रस्त्याचा स्वतःचाच आवाज मोठा असतो आणि त्यात बेअरिंगचा दबून जातो. त्यामुळे गुळगुळीत रस्त्यावर तो 'वाढला' असं वाटू शकतं.

मग भाराची परीक्षा. रिकाम्या रस्त्यावर त्याच वेगात, सावकाश, लांबट नागमोडी वळणं घ्या. झटके देऊ नका. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर जातो, उजवीकडे वळते तेव्हा डाव्या. डावीकडे वळताना घों घों फुगला आणि उजवीकडे वळताना विरला, तर बहुतेक वेळा उजव्या बाजूचं बेअरिंग गेलेलं असतं. 'बहुतेक' हा शब्द जाणूनबुजून लिहिलाय. आजच्या पुष्कळ हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागात, गोळ्यांच्या दोन ओळी असतात. वळणावर बाजूने येणाऱ्या जोरात एकीवर दाब वाढतो आणि दुसरीवरचा कमी होतो, त्यामुळे बिघाड कोणत्या ओळीत आहे यावर निकाल उलटाही येऊ शकतो. वळणाने बाजूचा अंदाज घ्यायचा, खात्री जॅकवर करायची. टायरचा आवाजही वळणावर थोडा बदलतो, पण डाव्या-उजव्यात असा ठसठशीत फरक तो सहसा दाखवत नाही. आणि आवाज पुढून येतोय की मागून, यात कानावर विसंबू नका. पत्र्यातून आणि चासीतून तो फिरत येतो, आणि पुढच्या चाकाचा आवाज मागच्या सीटखालून आल्यासारखा वाटतो.

घरी आल्यावर टायर बघा, म्हणजे हाताने बघा. नक्षीवरून तळहात पुढून मागे, मग मागून पुढे, मग आडवा फिरवा. आधी तार किंवा काच रुतलेली नाही ना ते पाहा. पुढे-मागे फिरवताना एका दिशेला दाते लागले तर नक्षीचे ठोकळे एका टोकाने झिजलेत. आडव्या दिशेला दाते लागले तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा आणि कल, बिघडलीय, त्यातही बहुधा टो, म्हणजे चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असणं. हात लाटेसारखा खाली-वर झाला तर कप पडलेत, आणि त्यामागे अनेकदा थकलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतात. ते चाकाला रस्त्यावर दाबून धरू शकत नाहीत, चाक उड्या मारत धावतं आणि जिथे आपटतं तिथे रबर जातं. मागच्या टायरची आतली कड तपासायची तर गाडीच्या बाजूने हात आत घालावा लागतो, आणि नेमका तोच भाग सगळ्यांच्या नजरेतून सुटतो. नक्षीच्या खाचांतल्या खुणा १.६ मिमीला असतात, तिथवर झीज पोहोचली असेल तर आवाजाचा प्रश्नच उरत नाही, टायर बदलायचाच. शिवाय बाजूच्या भिंतीवरचे चार आकडे वाचा. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. जुन्या गाडीची एक खोड असते, ती कमी चालते, म्हणून नक्षी भरपूर शिल्लक असते पण रबर वयाने कडक झालेलं असतं. कडक रबर जास्त वाजतं आणि ओल्या रस्त्यावर पकडही कमी देतं.

बेअरिंगसाठी चाक उचलावं लागतं. सपाट, कडक जमिनीवर, बाकीच्या चाकांना ठोकळे लावून, आणि जॅकच्या भरवशावर न राहता खाली स्टँड देऊन. घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी चाक धरून आत-बाहेर हलवा. मग तीन आणि नऊच्या जागी. पुढचं चाक फक्त तीन-नऊला हललं तर टाय रॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) आणि स्टिअरिंगकडे बघा. दोन्हीकडे हललं तर बेअरिंगवर संशय पक्का होत जातो. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. प्ले, म्हणजे ही ढिली हालचाल, नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा, तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनचा. आता एक हात कॉइल स्प्रिंगवर ठेवा आणि दुसऱ्याने चाक फिरवा. चांगल्या बेअरिंगचं चाक फिरतं तेव्हा स्प्रिंगला काही कळत नाही. खराब बेअरिंग असेल तर वाळूतून काहीतरी फिरतंय अशी बारीक खरखर बोटांना जाणवते, कानाला ऐकू येण्याच्या आधीच. दुसऱ्या बाजूचं चाक फिरवून लगेच तुलना करा, म्हणजे शंका राहत नाही. इथे हमखास होणारी चूक म्हणजे "प्ले नाही, म्हणजे बेअरिंग ठीक". धावेवर खळगे पडलेलं बेअरिंग जराही न हलता जोरात वाजू शकतं. प्ले त्यानंतर येतो.

एवढ्याने उलगडलं नाही तर त्याच बाजूचे पुढचे-मागचे टायर अदलाबदल करा, नट ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या पिळाच्या जोराला, कसा आणि पुन्हा त्याच रस्त्यावर जा. आवाजाची जागा किंवा सूर बदलला तर टायर. काहीच फरक पडला नाही तर बेअरिंग.

खरी गुंतागुंत होते ती दोन्ही बिघडलेले असतात तेव्हा, आणि जुन्या गाडीत हे वारंवार होतं. ढिलं झालेलं बेअरिंग चाकाला डुलू देतं आणि तो डुलणारा टायर वेडावाकडा झिजतो. अशा वेळी नवा टायर टाकला की आवाज कमी होतो, आपण निर्धास्त होतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत नवा टायरही खाल्लेला दिसतो. म्हणून टायर वेडावाकडा सापडला तरी बारा-सहाची तपासणी सोडू नका. फक्त एकाच चाकाला कप पडले असतील तर अजिबात नाही.

टायरच्या आवाजाला, रबर आणि नक्षी शाबूत असतील तर, थोडा वेळ देता येतो. अलाइनमेंट, शॉक, हवा दुरुस्त करायची, आणि झिजलेला टायर तरीही बराच काळ वाजतच राहतो, कारण पडलेले खळगे भरून येत नाहीत. बेअरिंगला असा वेळ देऊ नये. सील फाटतं, पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं आणि धाव सोलली जाते. मग हब तापतो, चाक डुगडुगतं, ब्रेकचं पॅडल अचानक खोल जातं कारण डुलणारी डिस्क पॅडना मागे ढकलते, आणि शेवटी चाक जाम होऊ शकतं किंवा निखळू शकतं. घों घोंसोबत स्टिअरिंगला थरथर जाणवली किंवा एबीएसचा (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला तर लांबचा प्रवास रद्द करा.

बदलताना गाडी आपल्यासमोर उघडली जात असेल तर दोन गोष्टींकडे लक्ष द्या. दाबून बसवायच्या बेअरिंगला हबच्या घरात बसवताना जोर बाहेरच्या कड्यावरच यायला हवा. तो गोळ्यांमधून गेला तर नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी खळगे घेऊन बसतं आणि थोड्याच दिवसांत वाजू लागतं. आणि एक्सलचा नट अंदाजाने कसू देऊ नका, त्या गाडीसाठी दिलेल्या टॉर्कलाच कसायला सांगा. जुन्या पद्धतीच्या टेपर रोलर बेअरिंगला तर नट कसून पुन्हा किंचित सैल करावा लागतो आणि नट फिरू नये म्हणून नवी स्प्लिट पिन घालावी लागते. जास्त कसलेलं टेपर बेअरिंग तापून जळतं, आणि तेव्हा तोच घों घों पुन्हा सुरू होतो.