घरातील उंदीर-प्रतिबंध

उंदीर घरात शिरू नयेत आणि शिरलेच तर टिकू नयेत, यासाठी केलेली बांधकामाची डागडुजी, स्वच्छता आणि सापळ्यांची योजना म्हणजे उंदीर-प्रतिबंध. येण्याच्या वाटा बुजवणे, अन्न-पाणी व आडोसा तोडणे आणि मग आत उरलेले पकडणे, असा या कामाचा क्रम आहे. बहुतेक घरांत तो उलटा लागतो. उंदीर दिसला की आधी विष येते, पिंजरा येतो; दाराखालची फट मात्र वर्षानुवर्षे तशीच राहते. एक मेला की त्याच फटीतून दुसरा येतो. टिकणारा उपाय म्हणजे घर बंद करणे. बाकीचे सारे त्याच्या जोडीला चालते, त्याच्याऐवजी नाही.

घरात येणाऱ्या जाती

जगभर माणसाच्या वस्तीत मुख्यतः तीन जाती आढळतात. घरउंदीर (मस मस्क्युलस) हा सर्वांत लहान, साधारण २० ग्रॅम वजनाचा. तो कपाटामागे, फर्निचरच्या पोकळीत, कागद-चिंध्या कुरतडून घरटे करतो आणि सहसा घरट्यापासून १० मीटरच्या आतच वावरतो. काळा उंदीर (रॅटस रॅटस) चढण्यात पटाईत. शेपटी शरीराहून लांब, कान मोठे. तो माळ्यावर, छपरात आणि तारांवरून फिरतो. तपकिरी उंदीर (रॅटस नॉर्वेजिकस) जाडजूड, आखूड शेपटीचा. तो जमिनीत बिळे करतो, उत्तम पोहतो आणि गटारातून येतो. दक्षिण व आग्नेय आशियात यांच्यात जमीन पोखरणाऱ्या घुशींची भर पडते. चिचुंद्री मात्र उंदीर नव्हे. टोकदार लांब नाक आणि उग्र वासाचा हा प्राणी मुख्यतः किडे-झुरळे खातो.

जात ओळखण्याचा फायदा असा, की शोधायचे कुठे ते कळते. माळ्यावर खुडबुड असेल तर अंगणातली बिळे बुजवून काही हाती लागत नाही.

उंदरांची वाढ झपाट्याने होते. घरउंदराची मादी १९ ते २१ दिवसांत विते, एका वेळी साधारण पाच ते आठ पिल्ले होतात आणि ती दीड-दोन महिन्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. म्हणूनच ‘एखादाच आहे, जाईल’ म्हणून सोडून देणे महागात पडते.

चाहूल

उंदीर रात्री हिंडतो, त्यामुळे तो दिसण्याआधी त्याच्या खुणा दिसतात. लेंड्या हा सर्वांत भरवशाचा पुरावा. घरउंदराच्या लेंड्या ३ ते ६ मिलिमीटर लांब, टोकदार असतात. मोठ्या (काळ्या व तपकिरी) उंदरांच्या त्याच्या दुप्पट-तिप्पट. ताजी लेंडी काळी, ओलसर, चकचकीत असते. जुनी राखाडी पडते आणि काडीने दाबली की भुगा होतो.

उंदराची नजर अधू असते. तो मिशा व अंगावरचे लांब केस भिंतीला घासत रोज त्याच वाटेने जातो. त्या वाटेवर, विशेषतः पाइप भिंतीत शिरतो तिथे, अंगाचा तेलकटपणा आणि धूळ मिळून काळपट पट्टा उमटतो. वाट चालू आहे की जुनी, हे पाहण्यासाठी रात्री भिंतीलगत टाल्कम पावडरचा पातळ थर द्यावा आणि सकाळी टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून तिरका प्रकाश पाडावा. पुढच्या पायाची चार बोटे, मागच्या पायाची पाच आणि मधोमध शेपटी ओढल्याची रेघ स्पष्ट दिसते. भोकाची परीक्षा आणखी सोपी आहे: त्यात कागदाचा बोळा हलकेच कोंबून ठेवावा. दोन-तीन दिवसांत तो ढकललेला दिसला, तर ते भोक वापरात आहे.

वाटा बुजवणे

सुमारे ६ मिलिमीटरची फट घरउंदराला पुरते, सुमारे १२ मिलिमीटरची मोठ्या उंदराच्या पिल्लाला. पेन्सिल जिथे सरकते तिथून लहान उंदीर सरकू शकतो, हे माप लक्षात ठेवून घराभोवती एकदा बाहेरून आणि एकदा आतून फिरावे. बाहेरून फिरताना पायापासून छपरापर्यंत नजर टाकावी. आतून पाहताना सिंकखालचे कपाट, शेगडी व फ्रिजची मागची बाजू आणि न्हाणीघराचे कोपरे आधी पाहावेत. लोक नेमक्या याच जागा सोडतात, कारण तिथे सामान हलवावे लागते.

सर्वांत मोठा दरवाजा म्हणजे खरोखरचा दरवाजा. खालच्या कडेला पत्र्याची किंवा ब्रशची पट्टी बसवल्याने निम्मे काम होते. रबरी पट्टी उंदीर कुरतडतो, म्हणून तिच्यामागे धातू हवा. त्यानंतर पाण्याचे, गॅसचे आणि एअर कंडिशनरचे पाइप भिंतीतून जातात ती भोके. पाइपपेक्षा भोक नेहमीच मोठे पाडलेले असते आणि उरलेली जागा कुणीच भरत नाही. मोरीच्या व गटाराच्या तोंडावर घट्ट बसणारी धातूची जाळी लागते. एक्झॉस्ट पंख्याच्या आणि वायुविजनाच्या झरोक्यांना ६ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची लोखंडी जाळी लावावी. तपकिरी उंदीर मलवाहिनीतून शौचालयाच्या भांड्यापर्यंतही चढून येतो; तशी अडचण असेल तिथे उलट येणे रोखणारी झडप बसवावी. छताला टेकलेल्या फांद्या आणि भिंतीवरचे वेल काळ्या उंदरासाठी जिनाच असतात, म्हणून ते छाटावेत.

काय भरतो हेही महत्त्वाचे. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि कुरतडून झिजवावे लागतात. लाकूड, प्लास्टिक, शिसे, मऊ चुना, फवाऱ्याचा फोम यांपैकी काहीच त्याला अडवत नाही. विजेच्या तारांचे आवरण कुरतडल्याने शॉर्ट सर्किट होऊन आगीही लागतात. टिकते ते सिमेंट काँक्रीट, जाड पत्रा आणि गुंतागुंतीची तार. लहान भोकात स्टील वूल (बारीक पोलादी तारेचा गुंता) घट्ट ठासून वरून सिमेंट किंवा सीलंट लावावे. नुसते स्टील वूल कोंबले तर उंदीर ते ओढून काढतो आणि ओलीत ते गंजून जाते. दमट जागी तांब्याची किंवा स्टेनलेस जाळी बरी.

एक गोष्ट आवर्जून सांभाळावी. आत उंदीर असताना घर बंद केले तर ते आतच अडकतात, नवी भोके पाडतात किंवा भिंतीत मरून कुजतात. म्हणून वाटा बुजवताना आत सापळे मांडलेले हवेत.

मारण्यापेक्षा घर बंद करणे टिकते, हे तत्त्व इतिहासाने पुरेपूर पारखलेले आहे. १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन याने प्लेगचा जिवाणू शोधला आणि १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों याने उंदरावरच्या पिसवा तो पसरवतात हे दाखवले. त्यानंतर शहरे उंदरांच्या मागे लागली. १९०२ मध्ये व्हिएतनाममधील हनोईत फ्रेंच प्रशासनाने उंदराच्या शेपटीमागे बक्षीस लावले. लोकांनी शेपट्या कापून उंदीर सोडून दिले, काहींनी तर ते पाळले. याउलट सॅन फ्रान्सिस्कोत १९०७–०८ च्या प्लेगच्या साथीत रूपर्ट ब्लू या सरकारी डॉक्टरच्या मोहिमेने मारण्याबरोबरच तळघरांच्या जमिनी काँक्रीटच्या करणे आणि उंदरांना आसरा देणारी लाकडी बांधकामे काढणे यांवर भर दिला. इंडोनेशियातील जावा बेटावर १९११ मध्ये प्लेग आल्यानंतर असे लक्षात आले, की घराच्या सांगाड्यातील पोकळ बांबूंतच उंदीर घरटी करतात. पुढील काही दशकांत तिथली लाखो घरे नव्या पद्धतीने बांधली गेली. १९४० च्या दशकात अमेरिकेतील बाल्टिमोरमध्ये डेव्हिड डेव्हिस हा संशोधक व त्याच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात उंदरांची संख्या मारून घटवली तरी ती पूर्ववत होते, अन्न आणि आडोसा घटवला तरच खाली राहते, हे दिसून आले.

अन्न आणि पाणी

घरउंदराला दिवसाला ३ ग्रॅम अन्न पुरते आणि कोरड्या दाण्यातल्या ओलाव्यावरही तो निभावतो. ओट्यामागे पडलेले कण त्याला मेजवानी ठरतात. मोठ्या उंदराला मात्र रोज पाणी लागते, त्यामुळे गळका नळ दुरुस्त करणे हाही उपायच आहे. धान्य धातूच्या किंवा काचेच्या झाकणबंद डब्यात ठेवावे. प्लास्टिकच्या पिशव्या व पातळ डबे भरवशाचे नाहीत. पाळीव प्राण्यांचे खाणे रात्रभर उघडे राहू नये. खोक्यांचे ढीग जमिनीवरून आणि भिंतीपासून दूर करावेत.

सापळे

विल्यम हूकर याने १८९४ मध्ये पेटंट घेतलेला स्प्रिंगचा सापळा आजही घरासाठी सर्वांत उपयुक्त आहे: तो विषारी नाही, आणि उंदीर सापडला की लगेच कळते. तो उघड्या जमिनीवर नव्हे, तर भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे करून ठेवायचा. आमिष वाटाण्याएवढेच हवे. शेंगदाण्याचे लोणी उत्तम, कारण ते उचलून पळवता येत नाही.

घरउंदीर चौकस असतो. नवी वस्तू तपासायला येतो, म्हणून पहिल्याच रात्री दोन-तीन मीटरवर एक असे भरपूर सापळे मांडावेत. मोठे उंदीर नव्या वस्तूला बिचकतात. त्यांच्यासाठी काही दिवस आमिष लावलेला पण न ताणलेला सापळा तसाच ठेवावा, ते निर्धास्त खाऊ लागले की ताणावा. या धीराअभावी अनेकजण ‘उंदीर हुशार झाले’ म्हणून सापळे सोडून देतात.

चिकट फळ्या वापरू नयेत. त्यावर अडकलेला प्राणी तासन्‌तास, कधी दिवसभर, कातडी सोलत तडफडतो. पक्षी व पालीही अडकतात. इंग्लंडमध्ये ३१ जुलै २०२४ पासून सामान्य लोकांना त्या वापरण्यास बंदी आहे. जिवंत पकडणारा पिंजरा वापरला तर तो दिवसातून किमान दोनदा तपासणे ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे.

विष

घरात विष ठेवणे हा शेवटचा पर्याय, आणि लहान मुले असलेल्या घरात तो टाळलेलाच बरा. वॉरफरिन हे विष १९४८ मध्ये उंदरांवर वापरात आले. कुजलेले क्लोव्हर गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरत. त्याचे कारण शोधताना अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत या वर्गातील पदार्थ हाती लागले. वॉरफरिन रक्त गोठू देत नाही. १९५८ मध्येच स्कॉटलंडमध्ये त्याला न जुमानणारे उंदीर आढळले आणि मग ब्रोडिफाकम, ब्रोमॅडिओलोन यांसारखी अधिक तीव्र विषे आली. या विषांनी उंदीर काही दिवसांनी मरतो, तेही बहुधा भिंतीत किंवा माळ्यावर. ‘पाणी शोधत बाहेर जाऊन मरतो’ हा समज खोटा आहे. असा उंदीर खाल्ल्याने घुबडे, मांजरे व कुत्रीही विषबाधेला बळी पडतात.

झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लाने फॉस्फिन वायू सोडते आणि त्यावर उतारा नाही. पिवळ्या फॉस्फरसच्या मलमाने यकृत निकामी होते. दोन्ही माणसाला जीवघेणी आहेत. कुणी कोणतेही उंदराचे विष गिळल्यास लक्षणांची वाट पाहू नये. पाकीट बरोबर घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे, कारण उपचार विषाच्या प्रकारावर ठरतात. रक्त पातळ करणाऱ्या विषांवर व्हिटॅमिन के१ चालते, इतरांवर नाही.

अल्ट्रासोनिक यंत्रांना उंदीर लवकर सरावतात आणि तो आवाज भिंत किंवा सामान ओलांडत नाही. पुदिन्याच्या तेलाचा परिणाम वास उडेपर्यंत. मांजर लहान उंदरांना वचकात ठेवते, पण पूर्ण वाढलेल्या मोठ्या उंदराला सहसा भिडत नाही.

नंतरची स्वच्छता

उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. लेंड्यांची धूळ श्वासातून गेल्याने हंताविषाणूचा संसर्ग होऊ शकतो. घरउंदरापासून पसरणारा एलसीएम (मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा) विषाणू गर्भाला धोकादायक आहे, म्हणून ही सफाई गरोदर स्त्रीने करू नये. कोरडा झाडू किंवा व्हॅक्यूम चालवू नये. खोली अर्धा तास उघडी ठेवावी, हातमोजे घालावेत, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे ताजे द्रावण लेंड्यांवर शिंपडून पाच मिनिटे मुरू द्यावे, मग कागदाने पुसून पिशवीत बांधून टाकावे. मेलेला उंदीरही असाच भिजवून उचलावा. जुन्या लेंड्या पूर्ण काढल्याशिवाय नव्या ओळखता येत नाहीत, म्हणून सफाईनंतर काही आठवडे त्याच कोपऱ्यांवर नजर ठेवावी. अनेक मजली इमारतीत पाइपांचे सामाईक शाफ्ट सर्व घरांना जोडतात. तिथे एकाच घराने फटी बुजवल्या तर उंदीर शेजारी सरकतात, त्यामुळे शाफ्टची तोंडे आणि कचऱ्याची जागा यांचे काम सर्वांनी मिळून एकाच वेळी करावे लागते.