सात पायांचा ८०७

चोरबाजारातून आणलेला रेडिओचा एक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी, चार दिवस माझ्या टेबलावर आहे. काचेवरचा क्रमांक केव्हाच पुसला गेलाय. गरम वाफ सोडून पाहिली, कधीकधी पुसट अक्षरं त्यात उमटतात. इथे काहीच उमटलं नाही. घाटदार काच, आत काळसर पत्रा, डोक्यावर धातूची टोपी. पाहताक्षणी वाटलं, हा ८०७. उलटा करून पाय मोजले, तर पाच हवेत तिथे सात!

८०७ हा आरसीए कंपनीने १९३०च्या दशकात काढलेला ट्रान्समीटरचा व्हॉल्व्ह. अ‍ॅम्प्लिफायरमधल्या ६एल६चा हा सख्खा भाऊ. फरक मुख्यतः टोपीत. व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात, बाहेरचा पत्रा म्हणजे अ‍ॅनोड ते गोळा करतो आणि मधली जाळी म्हणजे ग्रिड त्यांचा ओघ आवरते. ६एल६मध्ये अ‍ॅनोडची तार बाकीच्या तारांबरोबर खालीच उतरते, आणि आवाजाच्या कंपनांना ते चालून जातं. पण सेकंदाला कोटी-कोटी कंपनं झाली की शेजारशेजारच्या तारांमधून ऊर्जा परत ग्रिडकडे झिरपते आणि व्हॉल्व्ह आपलं काम सोडून स्वतःच कंप पावू लागतो. म्हणून अ‍ॅनोड वर नेला, ग्रिड खाली ठेवली. अ‍ॅनोडवरचे ६०० व्होल्टही त्यामुळे इतर पायांपासून दूर राहिले. मात्र नुसत्या टोपीवरून निष्कर्ष काढू नये. कित्येक जुन्या घरगुती रेडिओंच्या व्हॉल्व्हमध्ये टोपीला ग्रिड जोडलेली असते, आणि जुन्या टीव्हीतल्या काही व्हॉल्व्हनाही अ‍ॅनोडची टोपी असते.

मग साक्ष कुणाची घ्यायची? माझं मत, हीटरची, म्हणजे कॅथोड तापवणाऱ्या तारेची. शिशाच्या बॅटरीचा एक घट साधारण २.१ व्होल्ट देतो. तीन घटांचे ६.३ व्होल्ट, म्हणजे जुन्या मोटारीची बॅटरी. ८०७चा हीटर याच दाबावर ०.९ अँपिअर घेतो. सात पायांचा जो भाऊ आहे, १६२५, त्याचा हीटर १२.६ व्होल्टवर ०.४५ अँपिअर घेतो. गुणाकार करून पाहा: दोन्हीकडे ५.६७ वॉट. कॅथोडला ऊब तेवढीच, फक्त ती वेगळ्या बॅटरीवरून घ्यायची सोय केलेली.

ही सोय कुणासाठी होती? दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन लष्करी विमानांसाठी. विमानातली वीज २४ ते २८ व्होल्टची. एससीआर-२७४-एन या रेडिओ संचाच्या ट्रान्समीटरमध्ये दोन १६२५ असत. हीटर एकापुढे एक जोडले की २५.२ व्होल्ट होतात, विमानाच्या विजेला अगदी जुळणारे. मधे ट्रान्सफॉर्मर नको, आणि थेट प्रवाहावर तो चाललाही नसता. युद्धानंतर हे संच मोडीत निघाले आणि हौशी रेडिओवाल्यांना हे व्हॉल्व्ह स्वस्तात मिळाले.

माझ्या व्हॉल्व्हचा हीटर मी मल्टिमीटरने मोजला. थंड तारेचा रोध तापलेल्या तारेपेक्षा खूपच कमी असतो, त्यामुळे एकट्या आकड्याला अर्थ नाही. शेजारी खात्रीचा ८०७ ठेवला आणि दोन्ही मोजले. माझ्याचा रोध जवळजवळ चौपट आला. दुप्पट दाब, निम्मा प्रवाह, म्हणजे चौपट रोध. यायला हवा होता तेवढाच.

काही जोड्यांमध्ये हीसुद्धा खूण चालत नाही. २११ आणि ८४५ बाहेरून जुळे, दोघांचंही फिलामेंट (तापणारी तार) १० व्होल्ट, ३.२५ अँपिअरचं. तिथे टॉर्च मारून ग्रिडची जाळी पाहावी लागते. दाट वेटोळी असतील तर २११, ज्याला अमेरिकन सैन्याने व्हीटी-४-सी म्हटलं आणि बॉम्बफेकी विमानांच्या बीसी-३७५ ट्रान्समीटरमध्ये बसवलं. विरळ असतील तर ८४५, म्हणजे ध्वनीच्या कामाचा. बोलणाऱ्याचा आवाज रेडिओलहरीवर चढवायला तो वापरत.

काल रात्री १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर माझ्या १६२५चा हीटर लावला. अर्ध्या मिनिटात पत्र्याच्या फटीतून कॅथोडची नारिंगी रेघ दिसू लागली.