पार्श्वभूमी : ‘गुन्हेगार जमाती’ ते ‘सराईत गुन्हेगार’

काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणाऱ्या १८७१ च्या ‘गुन्हेगार जमाती’ कायद्याची कथा बहुतेकांना ठाऊक आहे. गुन्हेगारी पिढीजात धंद्यासारखी बापाकडून मुलाकडे जाते, या वंशवादी समजुतीवर तो उभा होता. आधी तो उत्तरेत आला, मुंबई इलाख्यात १९११ नंतर. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे या जमातींना ठेवण्याच्या वसाहतीत, तारेच्या कुंपणाआड शाळाही होती, गिरणीतलं कामही आणि रोजची हजेरीही. कल्याण आणि पहारा एकाच खात्याच्या हाती.

खरा वाद आहे तो १९५२ चा. ३१ ऑगस्टला कायदा देशभर रद्द झाला. मुंबई प्रांताने तो १९४९ मध्येच रद्द केला होता. पण ज्या चौकशी समितीने तो रद्द करायला सांगितला, तिनेच सराईत गुन्हेगारांसाठी नवा कायदा सुचवला. ठपका जन्मावरून नको, वारंवार झालेल्या शिक्षेवरून ठेवा, असा युक्तिवाद. कागदावर बिनतोड. आपल्याकडे, तेव्हाच्या मुंबई राज्यात, असा कायदा १९५९ साली झाला. तीनदा कैदेची शिक्षा झाली की नोंदणी, हालचालींवर बंधनं, वेळ पडल्यास सुधारणेसाठी वसाहतीत रवानगी. म्हणजे हत्यारं जुनीच! समर्थक विचारतात, यात जातीचा उल्लेख कुठे आहे? नाहीच. पण संशयित कुठे शोधायचे, हे पोलीस ठाण्यांना आधीपासून पाठ होतं. चोरी झाली की धाड पारध्यांच्या पालावर. धाडीतून खटला, खटल्यातून शिक्षा, आणि तीन शिक्षा भरल्या की माणूस ‘सराईत’.

२००७ साली वांशिक भेदभावावरच्या आंतरराष्ट्रीय समितीने हे कायदे रद्द करायला सांगितलं. जात म्हणजे वंश नव्हे, तेव्हा हा विषय या समितीच्या कक्षेत येत नाही, ही भारत सरकारची जुनी भूमिका. त्यामुळे विषय तिथेच अडला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातिभेदावर निकाल दिला. भटक्या जमातींच्या माणसांना सरसकट सराईत धरणारे तुरुंग-नियम त्यात घटनाबाह्य ठरले. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी!

दरम्यान कल्याणाची बाजूही वाढत गेली. महाराष्ट्रात विमुक्त जातींना, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या जमातींना, ३ टक्के आरक्षण आहे. तेच बंजारे कर्नाटकात अनुसूचित जातीत, तेलंगणात अनुसूचित जमातीत, इथे विमुक्तांत. जातीच्या दाखल्यासाठी मात्र २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वी राज्यात राहत असल्याचा पुरावा लागतो, आणि तो मागितला जातो अशा कुटुंबांकडे, ज्यांना गावोगावच्या पाटलांनी आणि फौजदारांनी तीन दिवसांवर टिकू दिलं नाही.