‘को’वाल्यांचं मायनस आणि एक विसरलेला कंस

एमएचटी-सीईटीच्या गणितात ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, कॅल्क्युलेटर नाही. इम्प्लिसिट डिफरन्सिएशनचा (समीकरणातून य सुटा न करता केलेल्या विकलनाचा) प्रश्न आला की पर्यायांत अनेकदा फरक असतो तो फक्त अधिक-उण्याचा. दादरच्या क्लासांपासून ‘दहा सेकंदांत उत्तर’ सांगणाऱ्या व्हिडिओंपर्यंत सगळीकडे यावर एकच मंत्र मिळतो: ‘को’वाल्यांना मायनस, म्हणजे कॉस, कॉट आणि कोसेक यांच्या विकलजात उणे चिन्ह येतं. मंत्र खरा आहे, पण नुसता पाठ केला तर ऐन पेपरात दगा देतो.

त्यामागचं कारण साधं आहे. कॉस क्ष म्हणजे काटकोनातून क्ष वजा केल्यावर उरणाऱ्या कोनाचा साइन. क्ष जितका वाढतो, तितकाच उरलेला कोन घटतो. चेन रूलमध्ये, म्हणजे आतल्या राशीच्या विकलजानं गुणण्याच्या नियमात, या घटीचा −१ बाहेर येतो. कॉट आणि कोसेकलाही तेच लागू.

आता हे उदाहरण घ्या:

कॉस(क्ष×य) = क्ष + य

यातून य एकटा सुटा होत नाही, म्हणून दोन्ही बाजूंचं क्षच्या संदर्भात विकलन करायचं. डीवाय बाय डीएक्सला य′ म्हणू आणि साइन(क्ष×य) ला थोडक्यात स.

−स × (य + क्ष×य′) = १ + य′

बहुतेक गुण याच ओळीत जातात. कंस न घालता ‘−स×य + क्ष×य′’ लिहिलं की उणे चिन्ह आणि स, दोन्ही पहिल्या पदापाशीच अडकतात. आधी कंस लिहा, मग सोडवा:

−स×य − स×क्ष×य′ = १ + य′

य′ची पदं अशा बाजूला न्या, जिथे ती अधिक चिन्हाची होतील. इथे उजवीकडे:

य′ = −(१ + स×य) ÷ (१ + स×क्ष)

पडताळा घेण्यात खरी मजा आहे. मूळ समीकरणात क्ष आणि य यांची अदलाबदल केली तरी ते तसंच राहतं. म्हणून उत्तरातही अदलाबदल केल्यावर य′चा व्यस्त मिळायला हवा, आणि मिळतो. कंस विसरून काढलेलं उत्तर इथेच पकडलं जातं. अख्ख्या उत्तराचं चिन्ह उलटं झालं असेल तर मात्र ही कसोटी गप्प बसते. त्यासाठी क्ष = ०, य = १ घाला: उतार, म्हणजे य′, −१ यायला हवा.

पण कॉसच्या विकलनातलं मायनसच विसरलं तर येणारं उत्तर, −(१ − स×य) ÷ (१ − स×क्ष), या दोन्ही कसोट्यांतून सुखरूप सुटतं! कारण त्या बिंदूवर स शून्य आहे आणि सच्या चिन्हाला तिथे काही अर्थच उरत नाही. मग बिंदूच्या जरा उजवीकडे सरका. कॉस १ च्या वर जात नाही, म्हणजे य कधीही १ − क्ष पेक्षा मोठा नसतो. वक्र य = १ − क्ष या रेषेच्या खाली उतरतो, तेव्हा उतार −१ पेक्षा तीव्रच व्हायला हवा. बरोबर सूत्रात अंश छेदापेक्षा मोठा होतो, तसंच घडतं. चुकीच्या सूत्रात उतार सौम्य होतो.

घरी आकड्यांनी बघायचं तर क्ष = ०.१ घ्या. य साधारण ०.८९६ येतो, ०.९ पेक्षा कमी. कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवा. अंशांवर (डिग्रीवर) राहिला तर य जवळजवळ ०.९ च दिसेल आणि फरक दडून जाईल. शिवाय कोन अंशांत घेतला तर कॉसचं विकलज नुसतं −साइन नसतं, त्याला पाय (π) भागिले १८० नं गुणावं लागतं.