बायबलमधल्या घटनांचा काळ : ख्रिस्ती परंपरेतले वाद

बायबलमधल्या घटना नेमक्या कुठल्या दिवशी, कुठल्या साली घडल्या यावर ख्रिस्ती लोकांमध्येच दुसऱ्या शतकापासून वाद चालू आहेत. येशूचा जन्म, क्रूसावरचं मरण, सृष्टीची उत्पत्ती, जगाचा शेवट, यातली एकही गोष्ट त्यातून सुटलेली नाही. गोव्यात नाताळ, पास्काचं फेस्त (ईस्टर), सांजांव (संत योहानाचा सण) हे सण हिंदू घरांतही ओळखीचे असल्यामुळे ते कसे साजरे होतात ते इथे सांगत नाही, त्यांच्या तारखा कशा ठरल्या तेच बघू.

सांजांव २४ जूनला का, याचं उत्तर लूकच्या शुभवर्तमानात (येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांपैकी एकात) आहे. गब्रीएल देवदूत मरीयेकडे आला तेव्हा तिची नातेवाईक, योहानाची आई अलीशिबा सहा महिन्यांची गरोदर होती असं लूक सांगतो, म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान येशूपेक्षा साधारण सहा महिन्यांनी मोठा, आणि नाताळ २५ डिसेंबरला धरला की योहानाचा जन्म जूनच्या शेवटी येतो. (मरीयेचा आवाज ऐकून अलीशिबेच्या पोटातल्या बाळाने उडी मारली तेही लूकमध्येच आहे, आणि सांजांवाला विहिरीत उड्या मारतात त्याचा संबंध लोक याच्याशीच लावतात.) मग २५ जून का नाही? तर रोमन लोक तारीख पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून उलटी मोजायचे आणि मोजताना दोन्ही टोकांचे दिवस धरायचे. अशा मोजणीत एक जानेवारीआधीचा आठवा दिवस २५ डिसेंबर, एक एप्रिलआधीचा आठवा २५ मार्च, आणि जूनला तीसच दिवस असल्याने एक जुलैआधीचा आठवा येतो तो २४ जून. म्हणजे रोमन हिशोबात तिन्ही तारखा एकाच नावाच्या, फक्त महिना वेगळा.

पण मुळात २५ डिसेंबर तरी कुठून आला? ही तारीख सगळ्यात आधी स्पष्ट सापडते ती रोममध्ये ३५४ साली केलेल्या एका संकलनात, आणि त्यातली नोंद बहुधा ३३६ च्या सुमाराची असावी. एक मत असं की सूर्यदेवाच्या रोमन सणाच्या जागी नाताळ आणला, कारण ऑरेलियन बादशहाने २७४ साली सूर्याचं देऊळ उभारलं होतं. पण सूर्याच्या या दिवसाचा पुरावासुद्धा त्याच ३५४ च्या संकलनातला आहे, म्हणजे कोणी कोणाचं घेतलं हे त्यावरून ठरत नाही. दुसरं मत हिशोबाचं : येशूचं मरण २५ मार्चला झालं असं पश्चिमेकडे तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीपासून मानलं जात होतं, गर्भधारणाही त्याच दिवशी झाली असं धरलं, आणि त्यात नऊ महिने मिळवले. संत ऑगस्टीनने हे जवळजवळ याच शब्दांत लिहून ठेवलंय. पूर्वेकडे मरणाची तारीख ६ एप्रिल धरायचे आणि तिथून नऊ महिन्यांनी ६ जानेवारी येते, आर्मेनियन चर्च आजही त्याच दिवशी ख्रिस्तजन्म पाळतं. दोन्हीकडे तोच नऊ महिन्यांचा हिशोब लागतो म्हणून हे मत जास्त पटण्यासारखं आहे.

इ.स. ३८६ च्या सुमारास अँटिओकमध्ये जॉन क्रिसोस्टम या धर्मगुरूने प्रवचनात आणखी एक पुरावा मांडला. योहानाचा बाप जखऱ्या यरुशलेमच्या मंदिरात धूप जाळत होता तो ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणजे सप्टेंबरच्या आसपासचा, तिथून योहानाचा गर्भ, सहा महिन्यांनी मार्चमध्ये येशूचा, आणि जन्म डिसेंबरात. हिशोब दिसायला सुंदर आहे पण पाया कच्चा, कारण प्रायश्चित्ताच्या दिवशीचं काम मुख्य याजकाचं, आणि जखऱ्या अबीयाच्या वर्गातला साधा याजक, त्याची पाळी चिठ्ठ्या टाकून आली होती असं लूकच म्हणतो. याजकांचे हे वर्ग चोवीस होते, प्रत्येकाला वर्षातून साधारण दोनदा एकेक आठवडा सेवा, त्यामुळे अबीयाच्या वर्गावरून महिना ठरवायचे प्रयत्न पुढेही झाले पण चक्र कुठून मोजायचं यावर एकमत नाही.

सालाचा वाद थोडक्यात असा. मत्तयप्रमाणे जन्म हेरोद राजा जिवंत असताना झाला, आणि हेरोद बहुतेकांच्या मते इ.स.पू. ४ मध्ये वारला (काहीजण इ.स.पू. १ म्हणतात). लूक मात्र क्विरीनिय या रोमन सुभेदाराच्या जनगणनेचा उल्लेख करतो आणि ती इ.स. ६ ची. दोन्ही जुळवायचे बरेच प्रयत्न झालेत, पूर्ण समाधान करणारा एकही नाही. इ.स. ही कालगणना ५२५ साली डायोनिशियस नावाच्या मठवाशाने मांडली, त्यात शून्य साल नाही, आणि आज सर्वसाधारणपणे जन्म इ.स.पू. ६ ते ४ च्या दरम्यान धरतात.

क्रूसावरच्या मरणाचा वार शुक्रवार, यावर जवळपास सगळे एक आहेत, भांडण आहे ते ज्यू तिथीचं. मत्तय, मार्क, लूक यांच्यानुसार शेवटचं भोजन हेच वल्हांडण या ज्यू सणाचं भोजन, म्हणजे मरण १५ नीसानला (नीसान हा ज्यू महिना), पण योहानाच्या शुभवर्तमानात वल्हांडणाची कोकरं कापायच्या दिवशीच, १४ नीसानला, येशूला क्रूसावर दिलं. ॲनी जोबेर या फ्रेंच विदुषीने १९५७ मध्ये सुचवलं की येशूने ३६४ दिवसांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे मंगळवारीच भोजन केलं असावं. कल्पना हुशारीची, तरी फारशी मान्य झाली नाही. येशूला ही शिक्षा देणारा पिलात इ.स. २६ ते ३६ रोमन सुभेदार होता, त्या काळात १४ नीसान शुक्रवारी येण्याची साल बघितली तर ७ एप्रिल ३० आणि ३ एप्रिल ३३ या दोन तारखांना जास्त पाठिंबा आहे.

याच १४ नीसानवरून पास्काचं भांडण पेटलं. आशिया मायनरमधले (आजच्या तुर्कस्तानातले) ख्रिस्ती वार न बघता १४ नीसानच पाळायचे, रोम रविवारच धरायचं, आणि १९० च्या सुमारास पोप व्हिक्टर त्यांना चर्चबाहेर काढायला निघाले तेव्हा बिशप आयरेनियसने मध्यस्थी केली. नायसियाला ३२५ मध्ये भरलेल्या बिशपांच्या परिषदेनंतर वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा नियम हळूहळू रुळला. आपल्याकडे शिगमा पौर्णिमेशी बांधलेला आहे तसंच हे, म्हणून २०२४ मध्ये गुड फ्रायडे होळीनंतर चारच दिवसांनी आला आणि २०२३ मध्ये हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी. इंत्रूज (कार्निव्हल) दरवर्षी पुढेमागे होतो तोही यामुळेच. सोळाव्या शतकापर्यंत ज्युलियन पंचांगात संपात दहा दिवस मागे सरकला होता, म्हणून १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर धरला. ख्रिस्तपुराण मराठीत रचणारे फादर थॉमस स्टीफन्स यांना तेव्हा गोव्यात येऊन तीन वर्षं झाली होती. त्यांचं पुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं.

सृष्टीच्या उत्पत्तीच्या सालात फरक पडतो तो मुख्यतः पाठभेदामुळे. मुलगा झाला तेव्हा आदामाचं वय हिब्रू पाठात १३० आणि ग्रीक भाषांतरात २३०, अशी पिढ्यापिढ्यांत शंभराची भर पडत जाते. म्हणून जुन्या रोमन परंपरेत नाताळच्या घोषणेत सृष्टीपासून ५१९९ वर्षं यायची आणि अशर या आयरिश आर्चबिशपने १६५० मध्ये हिब्रू पाठावरून इ.स.पू. ४००४ काढलं. त्याच्या हिशोबाने जलप्रलय इ.स.पू. २३४८ चा, तर आपलं कलियुग त्याच्याही आधी, इ.स.पू. ३१०२ ला सुरू होतं. कॅथलिकांपुरतं बोलायचं तर १९०९ साली रोमच्या बायबल कमिशनने बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातला ‘दिवस’ म्हणजे मोठा कालखंड असं मानायची मोकळीक दिली.

जगाच्या अंताबद्दल सोळाव्या-सतराव्या शतकातले दोन स्पॅनिश जेझुइट महत्त्वाचे : रिबेरा म्हणाला प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या बहुतेक घटना अजून व्हायच्या आहेत, अल्काझार म्हणाला त्या सुरुवातीच्या शतकांतच होऊन गेल्या. प्रकटीकरण कधी लिहिलं यावरही दोन मतं आहेत. आयरेनियस डोमिशियन या रोमन बादशहाच्या कारकिर्दीच्या शेवटाकडे बोट दाखवतो, म्हणजे ९५ च्या सुमारास, आणि बहुतेक अभ्यासक तेच धरतात. इ.स. ७० मधल्या यरुशलेमच्या नाशावर त्या भविष्याचा अर्थ लावणाऱ्यांना मात्र ते ७० च्या आधीचं मानावं लागतं.